धनी लाभलेले घर : स्ट्रासबर्गच्या कामरझेल घराची सहा शतके



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जुन्या वास्तूंकडे अभ्यासकाच्या नजरेने आणि घरच्या माणसाच्या काळजीने पाहिले. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी एकच घर निवडले आहे. ते पूर्व फ्रान्समधल्या अल्सास प्रांतात, स्ट्रासबर्ग शहरात, तिथल्या कॅथेड्रलच्या चौकाच्या कोपऱ्यावर उभे आहे. लोक त्याला कामरझेल घर म्हणतात. ते राजवाडा नाही, देवालय नाही, कुणा सेनापतीचा वाडाही नाही. ते एका चीज विकणाऱ्या व्यापाऱ्याचे दुकान आणि बिऱ्हाड होते. मोठ्या पराक्रमाची पुण्याई पाठीशी नसलेले असे घर सहा शतके कसे टिकले, हा माझा आजचा प्रश्न आहे.

अल्सास म्हणजे पूर्वेला ऱ्हाईन नदी आणि पश्चिमेला व्होज डोंगररांग यांच्यामधली चिंचोळी, सुपीक पट्टी. द्राक्षमळे, ओकची जंगले आणि व्यापाराचा मोठा जलमार्ग, असे तिन्ही तिथे हाताशी होते. स्ट्रासबर्ग मध्ययुगात स्वतःचा कारभार स्वतः पाहणारे, जर्मन साम्राज्याखालचे स्वतंत्र नगर होते. १६८१ मध्ये चौदाव्या लुईने ते फ्रान्सला जोडले. १८७१ मध्ये ते जर्मनीकडे गेले, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आले, १९४० मध्ये हिटलरच्या जर्मनीने गिळले आणि १९४४ च्या नोव्हेंबरात पुन्हा मोकळे झाले. पाऊणशे वर्षांत चार वेळा सत्ता बदलली. प्रत्येक सत्तेबरोबर कायदा बदलला, शाळेतली भाषा बदलली, रस्त्यांची नावेही बदलली. अशा ठिकाणी एखादी वास्तू सरकारच्या भरवशावर ठेवायची म्हटले, तर नेमके कोणते सरकार धरायचे?

आता घराकडे येऊ. या जागेवरच्या घराचा इतिहास १४२७ पर्यंत मागे जातो. आज दिसतो तो दगडी तळमजला मात्र १४६७ चा. गॉथिक वळणाच्या तीन रुंद कमानी, जाड भिंती, आत दुकान. वरचा सगळा लाकडी भाग १५८९ चा आहे. मार्टिन ब्राउन नावाच्या चीज व्यापाऱ्याने १५७१ मध्ये हे घर विकत घेतले आणि अठरा वर्षांनी वरचे मजले उतरवून नव्याने बांधले. तळमजला मात्र त्याने तसाच राखला. तो तेव्हाच सव्वाशे वर्षे जुना होता. त्याला हात न लावण्यामागे ब्राउनचा व्यवहार असणार: भक्कम दगड पाडून नवा कशाला आणायचा? पण या घराच्या जतनाची सुरुवात तिथेच झाली असे मी मानतो. जुन्यातले चालण्यासारखे ते ठेवायचे आणि त्यावर आपल्या काळाचे उत्तम काम चढवायचे, ही रीत त्याने घालून दिली. पुढच्या प्रत्येक पिढीने कमीअधिक तीच पाळली.

अशी लाकडी घरे कशी उभी राहत, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. ते कळल्याशिवाय त्यांचे जतनही कळत नाही. सुतार आधी ओकच्या खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा आपल्या आवारात जमिनीवर आडवा मांडून जुळवत. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारी कूस, आणि दोन्हींच्या आरपार लाकडी खुंटी. जुळणी मनासारखी झाली की प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकड्यांसारख्या खुणा करायच्या, सगळे सुटे करायचे, गाड्यांवर घालून जागेवर न्यायचे आणि खुणा पाहत उभे करायचे. जुन्या घरांच्या माळ्यावर गेले तर त्या खुणा अजून वाचता येतात. सांगाडा उभा राहिला की मधल्या चौकटी भरायच्या. उभ्या काठ्या रोवायच्या, त्यांतून लवचीक फांद्या विणायच्या, वर माती आणि पेंढ्याचा गारा थापायचा आणि शेवटी चुन्याचा हात द्यायचा. आपल्या कोकणातल्या कुडाच्या भिंतीचीच ही सख्खी बहीण. अल्सासच्या जुन्या रिवाजात असे लाकडी घर जंगम मालमत्तेत धरले जाई, कारण ते सोडवून दुसऱ्या जागी उभे करता येत असे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

या घरांचा प्रत्येक मजला खालच्या मजल्यापेक्षा थोडा पुढे आलेला असतो. वर जागा वाढते आणि खालच्या भिंतीचा पावसापासून बचाव होतो. पण समोरासमोरची घरे अशी पुढे येत गेली की गल्लीत उजेड उरत नाही आणि एका घराची आग सहज दुसऱ्या घरावर उडी घेते. १२९८ मध्ये स्ट्रासबर्गला मोठी आग लागली, कॅथेड्रलही तिच्यात होरपळले. नंतर नगराने या पुढे येणाऱ्या मजल्यांना मर्यादा घातली आणि ते माप कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूच्या दगडावर कोरून ठेवले. कुणीही यावे, माप पाहावे आणि शेजाऱ्याच्या बांधकामाशी ताडून पाहावे. बांधकामाचा नियम दफ्तरात न ठेवता भर चौकात, सर्वांत पवित्र भिंतीवर मांडणारे हे शहर होते. ब्राउनचे घर याच शहराच्या शिस्तीत वाढले.

आणि ते वाढले किती देखणे! तीन लाकडी मजले, त्यावर उंच उतरत्या छपरातले माळे, माल वर ओढून घेण्यासाठी छपराखालच्या टोकाशी कप्पी. एकूण पंचाहत्तर खिडक्या, त्यांना बाटलीच्या बुडासारख्या गोल जाड काचांची तावदाने. दर्शनी बाजूला भिंत अशी फारशी उरतच नाही, खिडक्या आणि त्यांच्यामधले कोरीव खांब एवढेच. त्या खांबांवर काय नाही? बारा राशी आहेत, पाच ज्ञानेंद्रिये आहेत, बालपणापासून जरेपर्यंत माणसाच्या वयाच्या अवस्था आहेत, वाद्ये वाजवणारे आहेत, सीझर, शार्लमेन, हेक्टर असे वीरपुरुष आहेत. सगळ्यांत महत्त्वाची जागा कोपऱ्याच्या खांबाची, कारण तो दोन्ही बाजूंनी दिसतो. तिथे श्रद्धा, आशा आणि परोपकार हे ख्रिस्ती धर्मातले तीन गुण स्त्रीरूपात एकावर एक कोरले आहेत. प्रत्येकीसोबत तिचा प्राणी आहे. परोपकाराशी आहे पेलिकन, स्वतःच्या छातीचे रक्त पिलांना पाजतो असे ज्याच्याविषयी त्या काळी मानत. आशेशी आहे राखेतून उठणारा फिनिक्स आणि श्रद्धेशी सिंहाच्या अंगाचा, गरुडाच्या डोक्याचा ग्रिफिन. घराचा भार पेलणाऱ्या खांबावर नेमकी हीच चित्रे असावीत, यात मला त्या व्यापाऱ्याच्या मनाची ठेवण दिसते.

चीज विकणाऱ्याला हे सगळे सुचले कुठून? उत्तर त्या शहरातच आहे. गुटेनबर्गने १४३० आणि १४४० च्या दशकांत काही वर्षे स्ट्रासबर्गला काढली होती आणि पुढे हे शहर छपाईचे मोठे ठाणे झाले. योहानेस स्टुर्मने १५३८ मध्ये तिथे काढलेली शाळा सगळ्या जर्मन मुलखात नावाजली होती. आणि चौक ओलांडला की कॅथेड्रलमध्ये १५७४ मध्ये पूर्ण झालेले खगोलघड्याळ होते. गणिती डासिपोडियसने त्याची योजना केली, हाब्रेख्ट बंधूंनी यंत्र घडवले, टोबियास स्टिमरने ते चित्रांनी सजवले. ग्रहांची आणि राशींची गती तिथे दिसे आणि तासाचे चार पाव माणसाच्या चार वयांच्या प्रतिमा वाजवत. पंधरा वर्षांनी समोरच्या घरावर राशी आणि वयाच्या अवस्था कोरल्या जाव्यात, हा केवळ योगायोग मला वाटत नाही. देवळातल्या घड्याळाने जे ज्ञान नगराला दाखवले, ते एका दुकानदाराने आपल्या दारावर मिरवले. सामान्य व्यापाऱ्याच्या घरात विद्वत्तेची अशी ऊब शिरावी, ही त्या शहराची थोरवी होय.

पुढची दोन-अडीच शतके भराभर ओलांडू. घर हातोहात गेले, दुकाने बदलली, माळ्यावर माल चढत-उतरत राहिला. एकोणिसाव्या शतकात ते कामरझेल नावाच्या किराणा दुकानदाराकडे आले आणि त्याचेच नाव घराला चिकटले. जवळच्या कोलमार गावातही तसेच घडले. तिथले सर्वांत देखणे जुने घर १५३७ मध्ये लुडविग शेरर या टोप्यांच्या व्यापाऱ्याने बांधले, पण ते ओळखले जाते फिस्टर घर म्हणून, कारण १८४१ ते १८९२ ते त्या कुटुंबाकडे होते आणि त्यांनी ते दुरुस्त करून राखले. लोकांच्या तोंडी शेवटी सांभाळणाऱ्याचे नाव राहिले.

कामरझेल घराचा खरा कसोटीचा काळ १८७० नंतर आला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जर्मन तोफांनी वेढलेल्या शहरावर आग ओकली. एका रात्रीत शहराचे ग्रंथालय जळाले. बाराव्या शतकात हेराड या मठाधिपती स्त्रीने सिद्ध केलेले ‘हॉर्टुस डेलिसिआरुम’ हे सचित्र हस्तलिखितही त्यात गेले. पाठोपाठ कॅथेड्रलचे छप्पर पेटले. चौकातले लाकडी घर वाचले. पण तोफांपासून वाचलेल्या घराला बाजारापासूनही वाचावे लागते. नव्या जर्मन राजवटीला स्ट्रासबर्ग आपल्या प्रांताची शोभिवंत राजधानी करायचे होते. नगराचे वास्तुकार कॉनरात यांचा विस्ताराचा आराखडा १८८० मध्ये ठरला आणि जुन्या शहराला लागून रुंद रस्त्यांचे नवे शहर वसू लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७९ मध्ये, कामरझेल घर लिलावात निघाले.

ते विकत घेतले ‘उव्र नोत्र-दाम’ या संस्थेने. माझ्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे, म्हणून या संस्थेजवळ जरा थांबतो.

उव्र नोत्र-दाम म्हणजे कॅथेड्रल बांधण्यासाठी आणि राखण्यासाठी तेराव्या शतकात उभी राहिलेली निधिसंस्था. त्याच शतकाच्या अखेरीस तिचा कारभार बिशप आणि धर्मगुरूंच्या हातून नगराच्या हाती आला. तिचे भांडवल लोकांच्या देणग्यांतून साठले. दात्यांची नोंद करणारे तिचे मध्ययुगीन पुस्तक अजून उपलब्ध आहे. त्यात हजारो नावे आहेत, सरदारांची आहेत आणि अगदी साध्या माणसांचीही. कुणी घर दिले, कुणी शेत, कुणी द्राक्षमळा, कुणी अंगावरचा झगा. या मिळकतींच्या उत्पन्नावर पाथरवट, सुतार, लोहार कायमचे कामाला राहिले. कॅथेड्रलचा १४२ मीटर उंचीचा मनोरा १४३९ मध्ये पूर्ण झाला, तरी संस्था मोडली नाही. बांधणे संपले तिथून सांभाळणे सुरू झाले. फ्रेंच राज्यक्रांतीत कॅथेड्रलच्या २३५ मूर्ती फोडल्या गेल्या, त्या वादळानंतर १८०३ मध्ये बोनापार्टच्या शासनाने संस्थेची व्यवस्था नगराकडे पुन्हा कायम केली. नंतर जर्मन आले, फ्रेंच आले, पुन्हा जर्मन आले, पुन्हा फ्रेंच आले. संस्थेच्या आवारातला छिन्नीचा आवाज कुठल्याही राजवटीत कायमचा थांबला नाही.

अशा संस्थेने व्यापाऱ्याचे घर का घ्यावे? मला वाटते, देऊळ राखायचे तर त्याचे अंगणही राखायला हवे हे तिला उमगले होते. त्या उंच मनोऱ्याचा खरा अंदाज येतो तो समोरच्या माणसाच्या मापाच्या घरामुळेच. आणि लिलावात बोली लावण्याइतका पैसा तिच्याकडे होता, घेतल्यावर काम करायला कारागीर घरचेच होते. पारखी नजर, पैसा आणि हात, तिन्ही एका छपराखाली.

१८९२ च्या सुमारास घराची मोठी दुरुस्ती झाली. त्या काळच्या दुरुस्तीत आजच्या अभ्यासकाला खटकण्यासारखे पुष्कळ असते. एकोणिसाव्या शतकाला मध्ययुग स्वतःच्या कल्पनेप्रमाणे सजवलेले आवडे आणि दर्शनी भागाच्या रंगकामावर त्या आवडीचा ठसा आहेच. पुढे १९०५ च्या सुमारास लेओ श्नुग या अल्साशियन चित्रकाराने आतल्या भिंती जुन्या वळणाच्या चित्रांनी भरल्या. हाच चित्रकार पुढे ओ-क्योनिक्सबुर्ग किल्ल्याच्या भिंती रंगवून गेला. जतनाच्या आजच्या काटेकोर नियमांत बसवायचे तर ही चित्रे बसणार नाहीत. १५८९ च्या घरात १९०५ चा हात कशाला, असे कुणी विचारेल. मी त्या चित्रांच्या बाजूने उभा आहे. ब्राउनने १४६७ च्या दगडावर आपले लाकूड चढवले, श्नुगने ब्राउनच्या भिंतीवर आपला रंग. दोघांनीही खालचे मोडले नाही आणि दोघांचेही काम मनापासूनचे होते. एवढे दोन निकष पाळले गेले असतील, तर नंतर आलेला हातही घराच्या इतिहासाचा भाग होतो.

कायद्याचे संरक्षण त्यानंतर आले. फ्रान्सचा ऐतिहासिक वास्तूंचा कायदा ३१ डिसेंबर १९१३ चा, आणि तेव्हा अल्सास जर्मन साम्राज्यात होते. प्रांत फ्रान्सकडे परतल्यावर १९२७ मध्ये कोलमारच्या फिस्टर घराची आणि १९२९ मध्ये कामरझेल घराची संरक्षित वास्तू म्हणून नोंद झाली. म्हणजे कायदा घराच्या दाराशी पोचला तेव्हा संस्थेला ते घर सांभाळून पन्नास वर्षे झाली होती. कायदा हवाच, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण कायदा पाडायला आलेला हात धरू शकतो, गळके कौल तो बदलत नाही.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू होताच स्ट्रासबर्ग रिकामे करण्यात आले. नागरिकांना फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, दॉर्दोन्य भागात पाठवले. कॅथेड्रलची रंगीत काचचित्रे उतरवून दूर हलवली, ती पुढे जर्मन मिठाच्या खाणीत सापडली आणि १९४५ मध्ये परत आली. ११ ऑगस्ट १९४४ रोजी दोस्तांच्या बॉम्बवर्षावात कॅथेड्रलला आणि त्याच्या दक्षिणेच्या रोआँ प्रासादाला जबर मार बसला. तिथून कामरझेल घर हाकेच्या अंतरावर. ते वाचले हे दैव म्हणावे लागेल. जतनाच्या इतिहासात दैवाचाही वाटा असतो आणि तो मान्य करावा.

युद्धानंतर एकट्या घराकडून सगळ्या वस्तीकडे लक्ष गेले. आंद्रे मालरो मंत्री असताना १९६२ मध्ये झालेल्या कायद्याने फ्रान्समधल्या जुन्या शहरांचे पूर्ण भाग संरक्षित करता येऊ लागले आणि १९७४ मध्ये स्ट्रासबर्गच्या जुन्या भागाला ते कवच मिळाले. १९८८ मध्ये शहरातून वाहणाऱ्या नदीच्या दोन फाट्यांमधले हे जुने शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. २०१७ मध्ये त्याच यादीत शेजारचे जर्मन काळातले नवे शहरही सामील झाले. एके काळी परक्यांचे म्हणून नाक मुरडले जाणारे रस्ते आज अल्सास आपले म्हणून जपते. ही मनाची मोठी झेप आहे.

शहरात हे घडत असताना खेड्यांत उलटे चालले होते. गावोगाव लाकडी घरे पडत होती. काही पाडली गेली, काही चांगल्या हेतूनेच मारली गेली. कुडाच्या भिंतीला चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा दिला की भिंतीचा श्वास कोंडतो. आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही, तो तळाच्या आडव्या तुळईत मुरतो आणि चार शतके टिकलेला ओक थोड्या वर्षांत भुसा होतो. घरमालकाला वाटते आपण घर मजबूत केले. हे टाळण्यासाठी अल्साशियन घरांच्या रक्षणाची एक संघटना १९७२ मध्ये उभी राहिली आणि ती मालकांना चुना, माती, पेंढा यांचे जुने शहाणपण सांगत राहिली. मार्क ग्रोदवोल आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी त्याहून वेगळे धाडस केले. पाडायला निघालेली घरे त्यांनी सांध्यासांध्याने सोडवली, खुणा केल्या आणि उंगर्सहाइम येथे पुन्हा उभी केली. १९८४ मध्ये तिथे अल्सासचे लोकजीवन दाखवणारे खुले संग्रहालय सुरू झाले आणि पुढे तिथे सत्तरच्या वर वास्तूंचे एक गावच वसले. घराला जंगम मानणारा जुना रिवाज असा विसाव्या शतकात कामी आला. हा उपाय शेवटचा आहे, हेही सांगायला हवे. हलवलेले घर जगते, पण त्याची गल्ली, शेजार, विहीर मागे राहते.

कामरझेल घराला हलावे लागले नाही, कारण ते वापरात राहिले. आज तिथे खानावळ आणि हॉटेल आहे. कमानींखाली आणि श्नुगच्या चित्रांखाली माणसे जेवतात. नाताळच्या बाजाराच्या दिवसांत तर चौकात पाय ठेवायला जागा नसते. गर्दीची झीज खरी आहे, धुराची आणि वाफेची भीतीही खरी आहे. तरीही ज्या घरात रोज चूल पेटते तिथले गळके छप्पर त्याच दिवशी लक्षात येते. कुलूपबंद घराची गळती थेट तुळई कोसळल्यावर कळते. म्हणून वापर हा जतनाचा शत्रू नाही. वापराला धरबंध घालणारा धनी नसणे, हे खरे संकट आहे.

२०२० मध्ये युनेस्कोने युरोपातल्या कॅथेड्रल-कार्यशाळांच्या परंपरेला वारसा जपण्याची अनुकरणीय पद्धत म्हणून मान्यता दिली. त्यात फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि नॉर्वे इथल्या कार्यशाळा होत्या, स्ट्रासबर्गची उव्र नोत्र-दामही त्यांत होती. हा गौरव दगडांच्या बरोबरीने गुरूकडून शिष्याकडे जाणाऱ्या हातांचा आहे. ज्याला तरुणपणी छिन्नी धरायला शिकवले आणि आयुष्यभर पगार दिला, तो माणूस हेच त्या संस्थेचे खरे भांडवल.

श्रोतेहो, जुने घर वाचवा म्हणून सभा भरवणे चांगले, लेख लिहिणे चांगले, संरक्षित यादीत नाव घालणेही चांगले. मीही ते केले आहे आणि करीत राहीन. पण कामरझेल घर त्यापुढची मागणी करते. घराला असा धनी हवा, ज्याची मुदत माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब असेल. त्याचे उत्पन्न ठरलेले असावे आणि सरकार बदलले तरी सुरू राहावे. त्याच्या पदरी शिकलेले कारागीर असावेत. मध्ययुगातल्या साध्या माणसांनी अंगावरचा झगा देऊन अशी संस्था उभी केली, तिने पाच-सहा शतकांनी लिलावात हात वर केला आणि एक घर राहिले. आपल्यापैकी ज्यांना वास्तूंविषयी जिव्हाळा आहे, त्यांनी आपल्या देणगीतला, मृत्युपत्रातला, वर्गणीतला काही भाग एखाद्या इमारतीबरोबर अशा कायम निधीला आणि सुतार-पाथरवटांच्या शिक्षणालाही द्यावा. ज्यांच्या स्मृतीला आज आपण वंदन करतो आहोत, त्यांना याहून योग्य श्रद्धांजली मला सुचत नाही.